तोरा वाचणं वेगळं, तोरा शिकणं वेगळं

"ज्यू लोक आपला धर्मग्रंथ, तोरा, वाचतात" असं आपण सहज म्हणून जातो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात आणि म्हणून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एक म्हणजे सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांसमोर गुंडाळीतून मोठ्यानं केलेलं वाचन, क्रियात हातोरा. दुसरं म्हणजे पुस्तक पुढ्यात घेऊन, जमलं तर कुणालातरी सोबत घेऊन, प्रश्न काढत काढत केलेला अभ्यास, तलमुद तोरा. पारायण आणि निरूपण यातला फरक मराठी माणसाला सांगायला नको, साधारण तशातलाच हा प्रकार.

आधी वाचनाचं बघू. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, मराठी बायबलमधल्या उत्पत्तीपासून अनुवादापर्यंत. त्याचे ५४ भाग पाडलेत, एका भागाला पाराशा म्हणतात, आणि दर शनिवारी सकाळी त्या आठवड्याचा पाराशा (कधीकधी दोन जोडून) असं करत वर्षभरात सगळं वाचून होतं. सिम्हात तोराच्या सणाला शेवट वाचला की त्याच दिवशी लगेच पहिल्या पानावर, म्हणजे जगाच्या निर्मितीवर परत. शनिवारी सकाळी सात जणांना एकेक करून वाचनासाठी वर बोलावतात, सोमवारी आणि गुरुवारी तीन जणांना, आणि किमान दहा जण हजर नसतील तर गुंडाळी काढून हे वाचन होतच नाही.

गुंडाळी चामड्यावर हातानं लिहिलेली असते, तिच्यात ना स्वरचिन्हं ना चालीच्या खुणा. म्हणजे वाचणाऱ्याला उच्चार, चाल सगळं घरून पक्कं करून यावं लागतं, आणि तरी पाठ म्हणायची परवानगी नाही, डोळे अक्षरावरच हवेत, ओळीवरून छोट्या हाताच्या आकाराची काडी फिरत असते. शेजारी छापील पुस्तक घेऊन उभा असलेला माणूस कान देऊन ऐकतो, अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे थांबवतो आणि तो शब्द परत वाचायला लावतो. पण कुणी मधेच उठून "हे असं का बरं लिहिलंय?" असं विचारत नाही. सगळ्यांच्या कानावर जसंच्या तसं पडणं हेच तिथलं काम.

आता अभ्यास. एकच ओळ घेऊ म्हणजे फरक नीट कळेल. निर्गमच्या २३व्या अध्यायात, मिश्पातीम नावाच्या पाराशात, एक आज्ञा आहे, की तुझ्या वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला तसंच टाकून जाऊ नकोस, त्याच्याबरोबर ते सोडव. सिनेगॉगमध्ये ही ओळ काही सेकंदांत निघून जाते. अभ्यासाला बसलात की मात्र इथेच तास जातो. मिश्ना, म्हणजे रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) जुना नियमसंग्रह, विचारते, मालक बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला की बाबा आज्ञा तुला आहे ना, मग उतरव तूच, तर काय? उत्तर असं की तुझ्यावर बंधन नाही, कारण "त्याच्याबरोबर" असं लिहिलंय, त्यानं हात लावायला हवा. पण लगेच पुढे, मालक म्हातारा किंवा आजारी असेल तर तुला एकट्याला करावं लागेल. बघा किती बारीक विचार आहे, मदतीचा कुणी फायदा घेऊ नये हेही आलं आणि ज्याला खरंच जमत नाही त्याला सोडायचं नाही हेही आलं.

तलमुद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, याच्याही पुढे जातो. समज रस्त्यात दोघं दिसले, मित्राच्या जनावरावरचं ओझं उतरवायचंय आणि वैऱ्याच्या जनावरावर चढवायचंय, आधी कुणाकडे जायचं? एरवी उतरवणं आधी, कारण जनावराला त्रास होतोय. पण इथे उत्तर येतं की आधी वैऱ्याकडे जा, स्वतःच्या मनातली ती खुन्नस मोडायला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आज्ञा गाढवाबद्दलची वाटेचना, बिल्डिंगमध्ये ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या माणसाबद्दलची वाटायला लागली. धडा मनाला लागतो तो असा, आणि नुसतं ऐकून तो क्वचितच लागतो.

अभ्यासाला सोबतीही लागतो तो याचसाठी. तलमुदात रब्बी योहानान आणि त्याचा अभ्यासातला सोबती रेश लाकीश यांची गोष्ट आहे. रेश लाकीश वारला, तेव्हा योहानानचं दुःख हलकं व्हावं म्हणून एलाझार बेन पेदात नावाचा विद्वान त्याच्याकडे पाठवला, तो प्रत्येक वाक्याला म्हणायचा, तुमच्या म्हणण्याला आधार आहे. योहानान वैतागला. म्हणाला, रेश लाकीश माझ्या एका वाक्यावर २४ हरकती घ्यायचा, मी २४ उत्तरं द्यायचो, त्यातून गोष्ट उलगडायची, आणि तू सांगतोस मी बरोबर आहे, ते काय मला माहीत नाही? हरकत घेणारा माणूस गेला याचं ते दुःख आहे, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

आता काही लोक म्हणतात की मग अभ्यास हाच खरा, वाचन म्हणजे नुसता विधी. मला हे पटत नाही. एकट्यानं अभ्यास करणारा माणूस आपल्या आवडीचं उचलतो, योसेफाची गोष्ट दहादा वाचेल आणि लेवीयमधले कातडीवरच्या डागांचे अध्याय सोडून देईल. आठवड्याचं वाचन तशी सोय ठेवत नाही, जे आलंय ते आलंय, आवडो न आवडो, आणि कित्येकदा नको वाटणाऱ्या भागातूनच प्रश्न निघतात.

मुळात ह्या दोन गोष्टी एकाच जागी होत्या. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात एज्रा नावाचा शास्त्री यरुशलेममध्ये पाणीवेशीसमोर लाकडी मंचावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत वाचतो, आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले लोक, जमलेल्यांना त्याचा अर्थ समजावून देतात, लोक ऐकून रडायला लागतात. पुढे वाचणाऱ्याशेजारी उभं राहून अरामी भाषेत ओळीओळीचा अर्थ सांगणारा माणूस असायचा, येमेनच्या ज्यूंनी ती पद्धत टिकवली. बाकी ठिकाणी ती सुटली, पण तलमुदातला एक नियम अजून पाळला जातो, की आठवड्याचा पाराशा आधी आपला आपण मूळ दोनदा आणि अरामी भाषांतर एकदा असा वाचून यायचा.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांकडे तर बराच काळ गुंडाळीच नव्हती. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. वाचन नाही, अभ्यास नाही, पण शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता, खाण्याचे नियम आणि शेमा ही देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना एवढं पिढ्यानपिढ्या आचरणात राहिलं. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी बांधलं. हिब्रू वाचन तिथे कानावर पडायचं, पण समजायला मराठीच हवी होती, म्हणून १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी चक्क कीर्तनं सुरू केली, मोशे आणि योसेफ यांची आख्यानं मराठी पद्यात गाऊन सांगायची. माझ्या मते हा अभ्यासच होता, फक्त आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत.

तुम्हाला स्वतःला सुरुवात करायची असेल तर आठवड्याचा पाराशा आधी सलग वाचून काढा, कुठेही न थांबता, अगदी कंटाळवाणा भाग आला तरी. मग जिथे खटकलं ती एकच ओळ घ्या आणि राशी या जुन्या भाष्यकारानं (१०४०–११०५, फ्रान्समधलं त्र्वा गाव) तिथे काय लिहिलंय ते बघा. नेहामा लीबोविट्झ या शिक्षिका १९४२ पासून जवळपास तीस वर्षं पाराशावरच्या प्रश्नपत्रिका पोस्टानं लोकांना पाठवत होत्या, उत्तरं न देता नुसते प्रश्न, आणि आलेली उत्तरं स्वतः तपासून परत पाठवायच्या. त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, राशीला इथे अडलं काय? तोच घेऊन बसा, आणि शक्य असेल तर असा कुणीतरी शोधा जो तुमच्या उत्तरावर हरकत घेईल.