सोडत आणि जुगार : चिठ्ठी तीच, मग दोष कशात?

भावाभावांत जमिनीची वाटणी होताना तुकडे सारखे पाडले, तरी विहिरीकडचा कोणी घ्यायचा यावर घोडे अडते. मग कागदाच्या एकसारख्या घड्या तांब्यात टाकून घरातल्या लहान पोराला एक उचलायला लावतात. ही सोडत. त्याच ओसरीवर रात्री पैसे लावून तीनपत्तीचा डाव बसला, तर तो जुगार. निकाल दोन्हीकडे नशिबाच्या हाती असल्यामुळे जुगाराला धर्मांचा जो आक्षेप आहे, तो नशिबावर हवाला ठेवण्यालाच आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

यहूदाच्या जागी बारावा प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, असे बायबल सांगते. प्रवासात कोणत्या पत्नीने सोबत यायचे हे पैगंबर मुहंमद चिठ्ठीने ठरवत, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) आहे. सोडतीत वाटायची वस्तू आधीच समोर असते. ज्याची चिठ्ठी निघत नाही, त्याच्या खिशातून विजेत्याच्या खिशात काही जात नाही. जुगारात मात्र एकाची कमाई म्हणजेच दुसऱ्याचे नुकसान.

हा भेद इस्लामपूर्व अरबांच्या ‘मैसिर’मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. उंट कापून त्याचे वाटे करीत आणि खुणेचे बाण काढून कोणाला किती मिळणार हे ठरवीत. इथवर ही वाटणीच वाटते. पण ज्यांचे बाण कोरे निघत, त्यांनाच उंटाची किंमत भरावी लागे. जिंकलेले मांस पुष्कळदा गरिबांना देत, म्हणून तो औदार्याचाही खेळ मानला जाई. कुराणाने त्यात लोकांना काही लाभ असल्याचे मान्य केले, मात्र पाप लाभाहून मोठे ठरवले (2:219), आणि पुढे आपसांत वैर व द्वेष पेरणारा म्हणून तो निषिद्ध केला (5:90–91). सिगालोवाद सुत्तातही बुद्धांनी जुगाराचे जे सहा दोष सांगितले, त्यांत पहिला जिंकणाऱ्याचा आहे : त्याच्याविषयी वैर निर्माण होते. जैनांच्या सात व्यसनांतही द्यूत आहेच.

मनुस्मृती द्यूताला उघड चोरी म्हणते. दोघे राजीखुशीने बसले असता चोरी कशी, हा प्रश्न रास्त आहे. दुसरा स्मृतिकार याज्ञवल्क्य तर देखरेखीखाली, चोर ओळखता यावेत म्हणून, द्यूत चालू देतो. (आपला दिवाळीतला पाडवा म्हणजे द्यूतप्रतिपदाही, हे सोयीने आठवणारेही आहेतच.) माझ्या मते मनूचा रोख संमतीपेक्षा मोबदल्यावर असावा, कारण जिंकणारा घेतो त्याच्या बदल्यात तो काहीच देत नाही.

मराठीत घोळ शब्दांनीही वाढवला आहे. म्हाडाच्या घरांच्या सोडतीला सर्रास लॉटरी म्हणतात, पण तिथे घर न लागलेल्याची अनामत परत मिळते. 1969 मध्ये सुरू झालेल्या राज्य लॉटरीत न लागलेल्या तिकिटाचे पैसे गेलेलेच असतात. चांगल्या कामासाठी कुपने विकून काढलेला लकी ड्रॉ त्या उंटाच्या मांसाशेजारीच बसतो : हेतू दानाचा असला, तरी बक्षिसाची किंमत न लागलेल्या कुपनांनीच भरलेली असते.