सतरा वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल स्पर्धा

फिफा या जागतिक फुटबॉल महासंघातर्फे मुलांच्या राष्ट्रीय संघांसाठी भरवली जाणारी स्पर्धा. तिची सुरुवात १९८५ मध्ये चीनमध्ये झाली. पहिल्या तीन खेपांना वयोमर्यादा १६ वर्षांची होती, १९९१ पासून ती १७ वर. २०२३ पर्यंत ती दर दोन वर्षांनी होत असे (२०२१ ची पेरूमधील स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली) आणि २०२५ पासून ती दरवर्षी होते. सर्वाधिक ५ विजेतेपदे नायजेरियाची, त्याखालोखाल ४ ब्राझीलची. घाना आणि मेक्सिको प्रत्येकी दोनदा जिंकले आहेत. मोठ्यांच्या विश्वचषकात आजवर एकही आफ्रिकी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला नाही. तिथे मजल गेली ती फार तर मोरोक्कोच्या २०२२ च्या उपांत्य फेरीपर्यंत. मुलांच्या स्पर्धेत मात्र आफ्रिका पहिल्या दिवसापासून आघाडीवर आहे. या स्पर्धेचा इतिहास वाचताना ही तफावत सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

स्पर्धेचे मूळ सिंगापूरमध्ये आहे. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९७७ मध्ये १६ वर्षांखालील मुलांसाठी ‘लायन सिटी कप’ सुरू केला. फिफाचे तेव्हाचे सरचिटणीस सेप ब्लाटर यांना ही कल्पना इतकी पटली की त्यांच्या शिफारशीवरून फिफाने ती जागतिक पातळीवर नेली. १९८५ मध्ये चीनमध्ये १६ संघ उतरले आणि बीजिंगच्या अंतिम सामन्यात नायजेरियाने पश्चिम जर्मनीला २–० असे हरवले. कोणत्याही वयोगटातली फिफाची स्पर्धा आफ्रिकी देशाने जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

१९८७ मध्ये कॅनडात सोव्हिएत संघ जिंकला. १९८९ च्या स्कॉटलंडमधील स्पर्धेने मात्र एक प्रश्न कायमचा मागे ठेवला. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ५० हजारांहून अधिक लोक जमले होते. यजमान पोरे सौदी अरेबियाविरुद्ध २–० अशी पुढे होती. सौदीने २–२ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये चषक नेला. सौदी खेळाडूंच्या वयाबद्दल तेव्हाच कुजबुज सुरू झाली आणि स्कॉटलंडमध्ये ती अजून थांबलेली नाही. निकाल मात्र बदलला नाही, विजेतेपद सौदीकडेच राहिले. त्याच सुमारास खेळाडूंच्या नोंदींतील जन्मतारखा जुळत नसल्याने नायजेरियावर युवा स्पर्धांतून दोन वर्षांची बंदी आली.

वयाचा हा प्रश्न म्हणजे नुसती लबाडी, असे म्हणून भागत नाही. जिथे जन्माची नोंद वेळेवर होतच नाही, तिथे कागदावरची तारीख कुणीतरी नंतर लिहिलेली असते. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख मांडली होती. तेच कागद पुढे पासपोर्टला लागतात. पण खेळात दोन वर्षांचा फरक फार मोठा ठरतो. पंधराव्या आणि सतराव्या वर्षांत उंची, वजन, धाव सगळेच बदलते, आणि ज्या खऱ्याखुऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची संघातली जागा जाते त्याचे नुकसान भरून निघत नाही.

फिफाने यावर २००९ पासून मनगटाच्या एमआरआयचा मार्ग धरला. अंगठ्याच्या बाजूला हाताचे जे हाड मनगटाशी येते, त्याच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते. हाडाची लांबी तिथून वाढते. वाढ पुरी होत आली की ही पट्टी हाडात मिसळून जाते आणि चित्रात तिची रेषा दिसेनाशी होते. सतरा वर्षे पुरी होण्याआधी ती पूर्णपणे मिसळलेली असणे फार दुर्मीळ. एक्स-रेमध्येही हे दिसते, पण निरोगी मुलाला केवळ तपासणीसाठी किरणोत्सर्ग देणे योग्य नाही, म्हणून एमआरआय. या तपासणीने जन्मतारीख कळत नाही, मुलगा सतरा ओलांडून गेला आहे का एवढेच कळते. लवकर वाढ होणाऱ्या एखाद्या मुलावर तिच्यामुळे अन्याय होऊ शकतो, ही तिची मर्यादा. तरीही कागदापेक्षा हाड अधिक विश्वासाचे, हे मान्य करावे लागते. पहिल्याच वर्षी, घरच्याच मैदानावरच्या स्पर्धेआधी, नायजेरियाला या तपासणीमुळे अनेक खेळाडू वगळावे लागले. तरी तो संघ अंतिम फेरीत पोचला आणि स्वित्झर्लंडकडून ०–१ असा हरला. पुढे २०१३ आणि २०१५ मध्ये, तपासणी लागू असतानाच, नायजेरियाने लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. जुन्या यशावर बोट ठेवणाऱ्यांनी हे दोन चषक विसरू नयेत.

उद्याचे खेळाडू आज दिसतात, असे या स्पर्धेबद्दल नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९९७ मध्ये इजिप्तमध्ये ब्राझील जिंकला तेव्हा संघात रोनाल्डिन्हो होता, २००३ च्या फिनलंडमध्ये स्पेनचा सेस्क फॅब्रेगास सर्वोत्तम ठरला, २००७ च्या दक्षिण कोरियात जर्मनीचा टोनी क्रोस. नायजेरियाच्या व्हिक्टर ओसिमेनने २०१५ मध्ये चिलीत १० गोल करून एका स्पर्धेतल्या गोलांचा विक्रम केला. उलट बाजू घानाच्या निई लॅम्प्टीची. १९९१ मध्ये इटलीत घानाला विजेतेपद मिळवून देणारा हा पोरगा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पेलेंचा वारसदार म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले, आणि त्या ओझ्याखाली क्लबमागून क्लब बदलत त्याची कारकीर्द विरून गेली. २००९ च्या ब्राझील संघात नेमार होता, तरी तो संघ साखळीतच गारद झाला. लिओनेल मेसी तर ही स्पर्धा कधी खेळलाच नाही.

स्पर्धेने अधूनमधून नियमांचे प्रयोगही केले. १९९३ मध्ये जपानला चेंडू हाताने आत फेकण्याऐवजी पायाने मारून खेळ सुरू करून पाहिला. तो प्रयोग टिकला नाही. २००५ च्या पेरूमधल्या स्पर्धेचे सामने कृत्रिम हिरवळीवर झाले. संघांची संख्या २००७ मध्ये १६ वरून २४ झाली. यजमान देशाने चषक जिंकण्याची पहिली वेळ २०११ ची. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मेक्सिकोच्या हुलियो गोमेझने डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत उलट्या किकने विजयी गोल मारला, आणि मग अझ्टेका मैदानावर उरुग्वेला २–० हरवून मेक्सिको विजेता झाला.

२०१७ मध्ये यजमानपद भारताकडे आले. दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता या सहा शहरांत ५२ सामने झाले आणि एकूण १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. चीनचा १९८५ पासूनचा विक्रम त्यामुळे मोडला. स्पर्धेआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र शासनाने एकाच दिवशी १० लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम राज्यभर राबवला होता. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणने जर्मनीला ४–० असे लोळवले. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावरच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीवर ३–१ अशी मात केली.

फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा संघ प्रथमच खेळत होता. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीपटू होता. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींच्या नावाने फुटबॉल संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना गर्दी लोटते. त्या मातीतला मुलगा विश्वचषकात उतरणे ही त्या शहराची न्याय्य कमाई होती. भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही हरला. पण ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबिया एका गोलने पुढे असताना, ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, मणिपूरच्या जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला, आणि विश्वचषकातला भारताचा पहिला गोल नोंदला गेला. आरडाओरडा ओसरायच्या आत, पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना २–१ असा जिंकला. मोठ्या स्पर्धांचा सराव नसलेल्या संघाचे लक्ष नेमके अशा क्षणी ढळते.

कोलकात्यातील अंतिम सामन्यात स्पेनने दोन गोलांची आघाडी घेतली होती. इंग्लंडने तिथून ५–२ असा विजय खेचून आणला. त्या इंग्लंड संघातले फिल फोडेन आणि मार्क गेही २०२४ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा स्पेनसमोर उभे होते. तो सामना स्पेनने जिंकला.

२०१९ मध्ये ब्राझील घरच्या मैदानावर विजेता ठरला. २०२३ मध्ये इंडोनेशियात जर्मनीने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून पहिले विजेतेपद मिळवले. २०२५ पासून सलग पाच वर्षे यजमानपद कतारकडे असून संघ ४८ झाले आहेत. या नव्या रूपातला पहिला चषक पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १–० असे नमवून जिंकला.

मुलींची स्पर्धा २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली आणि तिथे उत्तर कोरिया विजेता ठरला. २०२२ मध्ये ती भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई येथे झाली. भारताच्या मुलींना अमेरिकेने ८–०, मोरोक्कोने ३–० आणि ब्राझीलने ५–० असे हरवले. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरूळला झाला. स्पेन आणि कोलंबिया ८२ व्या मिनिटापर्यंत गोलशून्य बरोबरीत होते. त्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूचा पाय लागून चेंडू तिच्याच गोलमध्ये गेला आणि चषक स्पेनकडे राहिला.