मृत्युपत्रे आणि घराण्याचा शोध

पूर्वजांची मृत्युपत्रे शोधून त्यांतून नाती, मिळकती, राहती ठिकाणे आणि घराण्यातली विसरलेली माणसे उजेडात आणण्याची पद्धत. या नोंदीत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याचा विचार केला आहे.

आपल्याकडे घराण्याची माहिती जमवणारा सहसा छापील कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरात जपलेली वंशावळ इथून सुरुवात करतो. या साधनांत पुरुषांची साखळी बऱ्यापैकी जुळते, बायका मात्र गळतात. लेक सासरी गेली की तिचे नाव संपते, विधवा सून ‘निपुत्रिक’ या शेऱ्याआड जाते. मृत्युपत्रात नेमकी हीच माणसे भेटतात. ज्याला कायद्याने आपसूक वाटा मिळणार त्याच्यासाठी वेगळा कागद करायची गरज कमी. ज्याला मिळणार नाही त्याच्यासाठी तो करावाच लागे. त्यामुळे विधवा भावजयीच्या अन्नवस्त्राची सोय, मुलीच्या नावे ठेवलेले दागिने, भाच्याच्या शिक्षणाची रक्कम, जुन्या गड्याला हयातीपर्यंत दिलेली खोली, क्वचित बाहेरच्या संसाराची तरतूद असे तपशील त्यात येतात.

बहुतेक मराठी घरांत मात्र जुने मृत्युपत्र सापडत नाही, आणि त्यामागे कायदाच आहे. मिताक्षरा या हिंदू वारसा कायद्याच्या पद्धतीत एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने आली. त्याआधीची हिंदू मृत्युपत्रे प्रामुख्याने विभक्त झालेल्या, स्वकष्टार्जित मिळकत असलेल्या किंवा मुलगा नसलेल्या माणसांची असतात. चार मुलगे आणि सामाईक शेती असलेल्या पणजोबांनी ते केले नसेल तर नवल नाही. अशा वेळी वाटणीपत्र, जमिनीच्या हक्कातले बदल टिपणारे फेरफार, तलाठ्याकडची गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही आणि १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली न्यायालयाने दिलेला वारस दाखला यांकडे वळावे.

मुंबई शहराचे चित्र वेगळे आहे. १७२६ च्या सनदेने मेयर कोर्टाला मृत्युपत्रे प्रमाणित करण्याचा, म्हणजे प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. तो पुढे १७९८ पासून रेकॉर्डर कोर्टाकडे, मग सुप्रीम कोर्टाकडे आणि १८६२ पासून उच्च न्यायालयाकडे आला. म्हणून आधी साल ठरवावे, मग दप्तर. १८६५ चा उत्तराधिकार कायदा युरोपीय, ख्रिस्ती, पारशी अशांना लागू होता. मुंबई शहरातल्या हिंदूंसाठी १८७० चा हिंदू विल्स अॅक्ट आला. शहरातल्या स्थावर मिळकतीसाठी प्रोबेट दीर्घकाळ सक्तीचे असल्याने गिरगाव-ठाकुरद्वारच्या चाळमालकांचा माग इथे लागण्याची शक्यता खेड्यातल्या वतनदारापेक्षा जास्त.

प्रोबेटच्या फायलीत मृत्युपत्राशिवायही पुष्कळ असते. अर्जात मृत्यूची वेळ आणि मिळकतीची अंदाजे किंमत असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मृताची मिळकत सांभाळून वाटणाऱ्या व्यवस्थापकाला सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब देणे बंधनकारक आहे. भांडीकुंडी, रोखे, येणीदेणी सगळे त्यात. मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या दप्तरात जपून ठेवायचे असते. गंमत अशी की मृत्युपत्र न करता गेलेल्याची फाईल कधीकधी अधिक कामाची ठरते, कारण व्यवस्थापनपत्राच्या, म्हणजे मिळकत सांभाळण्याच्या न्यायालयीन अधिकारपत्राच्या, अर्जात मृताचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावेच लागतात.

त्यातून वाद झाला असेल तर संशोधकाचे नशीबच उघडले. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये मृत्युशय्येवर मृत्युपत्र केले. विश्वस्तांत लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे होते. पत्नी ताई महाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन वारला तर विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, अशी तजवीज त्यात होती. मुलगा झाला, पण जगला नाही. १९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ यांना दत्तक घेतले गेले. पुढे ताई महाराजांनी ते दत्तविधान नाकारून कोल्हापूरकडचा मुलगा पुढे केला. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, पोचला आणि १९१५ मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला. टिळकांवर फौजदारी खटलाही याच प्रकरणातून उभा राहिला होता. एरवी घरात राहिल्या असत्या अशा कितीतरी गोष्टी अशा खटल्यांत शपथेवर नोंदवल्या जातात, आणि वंशावळ पुरावा म्हणून दाखल होते.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. ती झाली असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरतो; दत्तक घेण्याची अधिकारपत्रेही याच पुस्तकात नोंदवतात. मोहोरबंद पाकिटात ठेवायला दिलेल्या मृत्युपत्रांची नोंद पुस्तक ५ मध्ये. घर-जमीन घेणाऱ्याला इंडेक्स २ पाठ असतो. इथे लागतो तो इंडेक्स ३, म्हणजे पुस्तक ३ ची सूची. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, नंतर अर्ज करील त्या कोणालाही. पण पुस्तक ३ मधला शोध नोंदणी अधिकारीच घेतो, आपल्याला पाने उलटता येत नाहीत. तेव्हा अर्जात नाव, गाव आणि मृत्यूचे वर्ष शक्य तितके नेमके असावे.

कागद हाती आल्यावरची अडचण वाचनाची. एकोणिसाव्या शतकातले दस्त बहुधा मोडीत असतात. तारीख शकात असल्यास ७८ मिळवावे, पौष ते फाल्गुनातल्या काही तिथींना ७९. शके १७९२ म्हणजे १८७०-७१. साक्षीदार, दस्त लिहिणारा, अंगठ्याची निशाणी यांकडे दुर्लक्ष करू नये. साक्षीला बसलेले शेजारी आणि व्याही पुढच्या शोधाची वाट दाखवतात.

गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा असल्याने मृत्युपत्रे नोटरीकडे होतात, आणि मुले असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव राहते. मृत्युपत्राने वाटायला उरते ते बाकीचे अर्धे. तिथे इन्व्हेंटरी कार्यवाहीचे, म्हणजे मृताच्या मिळकतीच्या वाटपाच्या प्रकरणाचे, कागद मृत्युपत्रापेक्षा आधी पाहावेत, कारण त्यांत सगळ्या वारसांची आणि मिळकतीची यादी मिळते. कंपनीच्या चाकरीतल्या युरोपीय माणसाचा शोध असेल तर मुंबई, मद्रास आणि बंगालमधल्या मृत्युपत्रांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत.