सिंगल बोर्ड कॉम्प्युटरला पॉवर बटण इतक्या उशिरा का मिळालं?

रास्पबेरी पाय (थोडक्यात ‘पाय’) हा एकाच सर्किट बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला तेव्हा त्यावर पॉवर बटण नव्हतं. मायक्रो यूएसबीची केबल लावली की बोर्ड सुरू, केबल काढली की बंद. ३५ डॉलरमध्ये बोर्ड बसवायचा होता म्हणून बटण गाळलं, असं सहसा सांगितलं जातं. मला हे कारण अपुरं वाटतं. बटण स्वतः अगदी स्वस्त असतं. खर्च आणि गुंतागुंत असते ती बटणामागे सतत जागं राहणाऱ्या सर्किटची. बॅटरी जोडायची म्हटलं तरी जवळपास तेच सर्किट लागतं. म्हणूनच बटण आणि बॅटरी यांची गोष्ट वेगवेगळी सांगता येत नाही.

सुरुवातीच्या बोर्डांना बटणाची गरजच नव्हती. १९७६ साली एमओएस टेक्नॉलॉजीने आणलेल्या किम-१ वर ६५०२ प्रोसेसर आणि जेमतेम एक किलोबाइटच्या वर रॅम होती. पाच व्होल्टचा पुरवठा ज्याचा त्याने करायचा. कीपॅडवर रीसेटची की होती, वीज बंद करायची नव्हती. वीज गेली तर रॅममधला प्रोग्राम जायचा आणि तो पुन्हा टाइप करावा लागायचा, नाहीतर कॅसेटवरून चढवावा लागायचा. रॉममधला मॉनिटर, म्हणजे बोर्ड चालवणारा मूळ प्रोग्राम, मात्र जसाच्या तसा राहायचा. अर्धवट लिहिलं जाऊन बिघडावं, असं बोर्डावर काही नव्हतंच.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या बोर्डाचं तसं नाही. फाइल सेव्ह झाली असं आपल्याला दिसतं तेव्हा ती बऱ्याचदा अजून रॅममध्येच असते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ती सवडीने एसडी कार्डावर उतरवतो. एक्स्ट-४ सारखी फाइल सिस्टिम जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची आधीच नोंद, ठेवते, त्यामुळे मध्येच तुटलेलं काम पुढच्या बूटला निस्तरता येतं. पण एसडी कार्डाच्या आतही एक कंट्रोलर असतो. तो डेटा एका ब्लॉकमधून दुसऱ्यात हलवत असतो आणि कुठे काय ठेवलं याचा तक्ता सांभाळतो. नेमका तो तक्ता लिहिताना वीज तुटली तर जर्नल काहीही करू शकत नाही. ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता, तीसुद्धा खराब निघू शकते. ‘काल चालत होता, आज बूटच होत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच असतं.

डेस्कटॉप पीसी या टप्प्यातून आधीच गेला होता. १९८१ च्या आयबीएम पीसीला बाजूला मोठा लाल स्विच होता आणि तो सरळ वीजच तोडायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचं मानक आणलं आणि बटणाचं काम बदललं. आता ते वीज तोडत नाही, मदरबोर्डला फक्त इशारा देतं. तो इशारा ऐकायला पीसी बंद असतानाही पाच व्होल्टची एक स्टँडबाय लाइन चालू राहते. १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचं मानक प्रसिद्ध केलं, आणि बटण दाबल्यावर काय करायचं ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवू लागली. सिस्टिम अडकलीच तर चार सेकंद बटण दाबून धरायचं, हेही त्यातच आलं.

सिंगल बोर्डच्या जगात मात्र बटण एटीएक्सकडून आलं नाही. ते आलं फोन आणि टॅबलेटकडून. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत पॉवर मॅनेजमेंट चिप लागतेच. प्रोसेसरला हवी ती व्होल्टेज योग्य क्रमाने देणं, लिथियम सेल चार्ज करणं, अ‍ॅडॉप्टर निघाला की पुरवठा बॅटरीवर नेणं आणि बटणावर लक्ष ठेवणं, ही सगळी कामं एकाच चिपची. ज्या बोर्डांनी ही चिप घेतली, त्यांना बटण जवळपास फुकटात मिळालं. टॅबलेटमधले ऑलविनर प्रोसेसर वापरणाऱ्या ओलिमेक्सच्या बोर्डांवर एएक्सपी२०९ ही अशी चिप होती, म्हणून त्यांवर लिथियम बॅटरीचा कनेक्टरही होता. पहिल्या पायचा बीसीएम२८३५ प्रोसेसर मात्र रोकू २ या टीव्हीच्या स्ट्रीमिंग डब्यातही होता. कायम प्लगला लावून ठेवायच्या वस्तूला बॅटरीचा विचार कशाला लागेल?

एप्रिल २०१३ चा बीगलबोन ब्लॅक या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस६५२१७ चिप, एक पॉवर बटण आणि बॅटरीसाठी सोल्डर करायची चार छिद्रं. चार का? दोन बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांची. तिसरं सेन्सचं: बॅटरीचं खरं व्होल्टेज थेट तिच्या टोकाशी मोजायला, कारण करंट वाहणाऱ्या तारेत थोडं व्होल्टेज खर्च होतंच. चौथं तापमानाचं: सेल तापला तर चार्जिंग थांबवायला. मला हा बोर्ड फार आवडतो, कारण बॅटरी जोडणं म्हणजे नुसत्या दोन तारा जोडणं नव्हे, हे तो न सांगता शिकवतो. मर्यादाही होत्या. लिथियम सेल पूर्ण भरला तरी ४.२ व्होल्टच देतो, त्यामुळे बॅटरीवर चालताना यूएसबी उपकरणांना पाच व्होल्ट मिळत नसत.

पाय वापरणाऱ्यांनी तोवर स्वतःची वाट काढली. शटडाउन होऊन थांबलेला (हॉल्ट झालेला) पाय त्याची जीपीआयओ-३ ही पिन ग्राउंडला टेकवली की पुन्हा जागा होतो. त्याच्या सेटिंगमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले ही जोड घातली की हेडरच्या, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या, ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांमध्ये लावलेलं एकच बटण दोन्ही कामं करतं. पण हे फक्त सॉफ्टवेअरचं झोपणं-उठणं. पाच व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो.

२०१५ मध्ये ९ डॉलरचा ‘चिप’ नावाचा बोर्ड आला, तोही एएक्सपी२०९ आणि बॅटरी कनेक्टर घेऊन. अशा बोर्डांवर दोन पिनांचा जेएसटी कनेक्टर सर्रास दिसतो, आणि खरा धोका तिथेच आहे. कनेक्टरचा आकार सारखा असतो, पण लाल तार कोणत्या बाजूला याला सर्वमान्य नियम नाही. बॅटरी सहज बसते आणि ध्रुव उलटे लागून बोर्ड जळतो. नवी बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटरने तपासाच, कितीही घाई असली तरी.

पायवर बटण आलं ते २०२३ च्या पाय ५ पासून, रेनेसासच्या डीए९०९१ या पॉवर चिपसोबत. वेगळं बटण जोडायला बोर्डावर जे२ नावाची जागाही दिली आहे. मात्र शटडाउननंतरही बोर्ड मूळ सेटिंगमध्ये साधारण १ ते १.४ वॉट खातो. बोर्ड सुरू करणाऱ्या बूटलोडर प्रोग्राममध्ये पॉवर_ऑफ_ऑन_हॉल्ट ही सेटिंग १ केली की हा आकडा ०.०१ वॉटच्या आसपास येतो. बोर्डावर बॅटरीचा छोटा दोन पिनांचा कनेक्टरही आहे, पण तो फक्त घड्याळासाठी. त्याचं चार्जिंग मुळात बंद ठेवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे, कारण रिचार्ज न होणारा लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं. संपूर्ण बोर्ड बॅटरीवर चालवायचा असेल तर पाय ५ ला आजही बाहेरून यूपीएस बोर्ड, म्हणजे बॅटरीवरून पुरवठा देणारा वेगळा बोर्ड, जोडावा लागतो.