करवंटीचा कोळसा आणि नगरपरिषदेची निविदा

पाण्यात विरघळलेले नको ते पदार्थ धरून ठेवायला वापरतात तो खास कोळसा म्हणजे दाणेदार सक्रिय कार्बन. असा नवा कार्बन आणि धरून ठेवण्याची ताकद संपलेला, पूर्ण थकलेला कार्बन शेजारी शेजारी ठेवले, तर डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. दोन्ही काळे, दोन्हींचे दाणे साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरचे. दोन्हींतून पाणी सारखंच झिरपतं आणि खाली सारखंच नितळ दिसतं. वाळूचा फिल्टर बिघडला की पाणी गढूळ येतं, थर तुंबतो, ऑपरेटरला लगेच कळतं. कार्बन मात्र गुपचूप संपतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात कार्बन बदलण्याचा ठेका हे इतर खरेदीपेक्षा अवघड काम आहे, आणि ‘सर्वात कमी दर’ या एकाच निकषावर ते सोपवणं मला धोक्याचं वाटतं.

कोकणातल्या बहुतेक शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आजही जुनी साखळीच चालते: पाण्याला हवा देणं, तुरटी, गाळ बसवणं, वाळूचा जलद फिल्टर आणि शेवटी क्लोरिन. गढूळपणा आणि जंतू यांच्याविरुद्ध ही साखळी उत्तम आहे. पाण्यात पूर्ण विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांपुढे मात्र ती अपुरी पडते. पावसाळ्याच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या उतारावरचा कुजका पाला धुऊन येतो, तेव्हा नद्यांना चहासारखी पिवळट छटा चढते. तुरटी त्यातला काही भाग काढते, उरलेला क्लोरिनपर्यंत पोहोचतो. 1974 साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहान्स रूक यांनी दाखवून दिलं, की क्लोरिन आणि हे नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ यांच्या संयोगातून पाण्यातच क्लोरोफॉर्मसारखी अपायकारक संयुगं तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आय.एस. 10500 या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे, तर ब्रोमिन असलेल्या ब्रोमोडायक्लोरोमिथेनची 0.06.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तो दुसरा आकडा नीट पाहावा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. एप्रिल-मेमध्ये नदीची धार आटते आणि भरतीचं पाणी खाडीतून वर सरकतं. त्या काळात नदीकाठच्या विहिरीत शंभर भागांत एक भाग समुद्राचं पाणी मिसळलं, तर क्लोराइड लिटरला जेमतेम 190 मिलिग्रॅमने वाढतं. मानकाची स्वीकार्य मर्यादा 250 आहे, त्यामुळे जिभेला फारसं काही जाणवणार नाही. पण त्याच मिश्रणात ब्रोमाइड 0.65 मिलिग्रॅम झालेलं असतं, आणि हे प्रमाण मोठं आहे. क्लोरिन त्या ब्रोमाइडपासून ब्रोमिनची क्रियाशील रूपं तयार करतो आणि ती सेंद्रिय पदार्थांवर क्लोरिनपेक्षाही वेगाने तुटून पडतात. कार्बन ब्रोमाइडला अडवत नाही. तो खारेपणा काढत नाही, फ्लोराइड नाही, नायट्रेटही नाही. जंतूंसाठी क्लोरिन नंतरही लागतोच. कार्बनचं काम ठरलेलं आहे: क्लोरिन देण्याआधीच पाण्यातले सेंद्रिय रेणू धरून ठेवणं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेल्यावर येणारा मातकट वासही तो काढतो. तो वास जिओस्मिन नावाच्या रेणूचा असतो आणि लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाचं नाक तो ओळखतं.

हे धरून ठेवणं कसं घडतं? करवंट्या हवा न देता तापवल्या की कोळसा होतो. तोच कोळसा 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफेत ठेवला की वाफ कार्बनचे काही अणू खाऊन टाकते आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. बरीचशी छिद्रं दोन नॅनोमीटरहूनही अरुंद असतात. त्यांच्या भिंतींवर रेणू येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. एका ग्रॅममध्ये अशा भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे 1000 चौरस मीटर भरतं.

आता एका शहराचा हिशोब करू. दिवसाला 1 कोटी लिटर पाणी, म्हणजे दरडोई 135 लिटर धरले तर सुमारे 74 हजार लोकांचं. रत्नागिरी शहराएवढीच वस्ती. पाणी कार्बनच्या थरात 10 मिनिटं राहावं असं ठरवलं, तर जवळपास 70 घनमीटर थर लागतो. त्याचं वजन साधारण 31 टन. या 31 टनांच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ होतं सुमारे 31 हजार चौरस किलोमीटर. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आख्खा कोकण विभाग जवळपास एवढाच आहे. नगरपरिषद जे विकत घेते ते हे रिकामं क्षेत्रफळ. पैसे मात्र किलोवर मोजले जातात.

किलोत आणखी एक खोच आहे. कार्बन हवेतली आर्द्रता ओढतो, आणि कोकणच्या हवेत तर फार लवकर. दमट गोणी वजनाला जड भरते आणि पाण्याचे पैसे कार्बनच्या भावाने जातात. म्हणून निविदेत आर्द्रतेची कमाल मर्यादा, राखेचं प्रमाण, दाण्यांचा आकार आणि घर्षण सोसण्याची ताकद लिहिलेली हवी. भारतीय मानक ब्युरोचं आय.एस. 2752 हे दाणेदार सक्रिय कार्बनसाठी आणि आय.एस. 877 हे चाचण्यांसाठी उपलब्ध आहे. नमुना ठेकेदाराने आणून द्यायचा नाही. तो केंद्रावर उतरलेल्या मालातून, कोणत्याही गोण्यांतून, दोन्ही बाजूंसमोर काढायचा आणि त्रयस्थ प्रयोगशाळेत पाठवायचा.

गुणवत्तेचा सर्वात लोकप्रिय आकडा म्हणजे आयोडीन अंक: एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो ते. करवंटीच्या चांगल्या कार्बनचा अंक 900 ते 1100 असतो. तो कठीण असतो, बॅकवॉशमध्ये, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून थर धुताना, कमी झिजतो, राखही कमी. आपल्या नारळाच्या बागांतला कचरा इतक्या मोलाचा, हे वाचून कोणाही कोकणवासीयाला आनंद होईल. मलाही होतो. तरीही डोळे मिटून करवंटीचाच कार्बन मागू नये. आयोडीनचा रेणू लहान, तो अरुंद छिद्रांत सहज शिरतो. क्लोरोफॉर्म आणि जिओस्मिनही लहानच, त्यांच्यासाठी करवंटी उत्तम. पण पाल्यापाचोळ्यातून येणारे ह्युमिक पदार्थ मोठे असतात. त्यांना रुंद छिद्रं लागतात आणि ती दगडी कोळशापासून केलेल्या कार्बनमध्ये जास्त मिळतात. आयोडीन अंक कितीही मोठा असला, तरी जुलैच्या पिवळ्या पाण्यापुढे तो कार्बन लवकर थकू शकतो. याचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. आपल्याच नदीचं पाणी, उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यातलं, छोट्या नळ्यांत भरलेल्या दोन-तीन प्रकारच्या कार्बनमधून सोडून पाहावं लागतं. निविदा काढण्याआधीचा हा खर्च 31 टनांच्या चुकीपुढे किरकोळ आहे.

थर कसा संपतो, हेही अटी लिहिणाऱ्याला माहीत हवं. वरचा भाग आधी भरतो आणि भरलेली पट्टी हळूहळू खाली सरकते. ती तळाशी पोहोचली की गाळलेल्या पाण्यात नको ते पदार्थ दिसू लागतात. त्यापुढेही थर वापरत राहिलं तर स्थिती आणखी बिघडू शकते. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या एसटीत आरक्षणवाला चढला की सीटवर टेकलेल्याला उठावं लागतं. तसंच घट्ट चिकटणारा रेणू सैल चिकटलेल्याला हुसकावतो, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात त्या पदार्थाचं प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही काही काळ जास्त होऊ शकतं.

म्हणून ‘दर दोन वर्षांनी बदल’ अशी अट निरुपयोगी आहे. थरात 10 मिनिटं पाणी राहत असेल तर दिवसाला थराच्या आकारमानाच्या 144 पट पाणी त्यातून जातं. आयुष्य या पटींत मोजावं, आणि थराच्या वेगवेगळ्या खोलीवर नमुन्याचे नळ बसवून तपासावं. नाहीतर बदल मार्चअखेरच्या बिलांच्या घाईत होतो आणि कार्बन संपलेला असतो त्याच्या आदल्या पावसात. दोन टाक्या एकामागे एक जोडल्या तर पहिली पूर्ण वापरता येते, दुसरी राखण करते. पहिलीत नवा कार्बन भरला की ती मागे जाते. ठेकेदाराचं देयक किलोऐवजी ठरलेल्या गुणवत्तेच्या घनमीटर पाण्याशी बांधलं, तर स्वस्त आणि निकामी कार्बनचा मोह आपोआप संपतो.

काढलेला कार्बन फेकण्याची गरज नसते. 800 अंशांच्या वर भट्टीत तापवला की चिकटलेले पदार्थ जळतात आणि तो पुन्हा वापरता येतो. दर खेपेला दहाएक टक्के घट होते. ओहायो नदीचं पाणी वापरणारं अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर 1992 पासून स्वतःच्या केंद्रातच अशी भट्टी चालवतं. आपल्याकडच्या छोट्या शहराला ती परवडणार नाही, कार्बन बाहेर पाठवावा लागेल. तेव्हा आपला कार्बन वेगळा ठेवून आपल्यालाच परत मिळावा, रासायनिक कारखान्यात वापरलेल्या कार्बनमध्ये मिसळू नये, हे करारात ठळक लिहिलं पाहिजे.

आणि एक अट अशी, जिच्यावाचून निविदा प्रसिद्धच होऊ नये. ओला सक्रिय कार्बन बंद जागेतल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. टाकीत वास नसतो, धूर नसतो. आत उतरलेला मजूर काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र, जोराची हवा, कमरेला दोर, वर सतत पाहणारा माणूस आणि श्वसनसंच या गोष्टी दरपत्रकात स्वतंत्र ओळीने, स्वतंत्र रकमेने असाव्यात. म्हणजे दर कमी करताना कुणाला त्या छाटता येणार नाहीत.