वहाळाला वाट किती द्यायची?

दर पावसाळ्यात कुठला तरी साकव वाहून गेल्याची बातमी येते आणि तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं : 'पाण्याच्या दाबाने पूल कोसळला.' छोट्या पुलांच्या बाबतीत हे वाक्य बहुतेकदा अर्धवट असतं. पाणी पूल ढकलून पाडतं, त्याहून अधिक वेळा ते पुलाच्या पायाखालची जमीन काढून नेतं. मग पूल स्वतःच्याच वजनाने बसतो.

संगमेश्वर तालुक्यात माझ्या चुलतभावाची काजूची बाग वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, आहे. पूर्वी तिथे माडाच्या दोन खोडांचा साकव होता, माणसांपुरता. खत आणि काजू बी न्यायला पिकअप पलीकडे जायला हवी, म्हणून त्याने वहाळात ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाइप (काँक्रीटचे नळ) टाकले आणि वर मुरमाचा भराव केला. जूनभर गाडी आरामात गेली. जुलैत एका सकाळी जाऊन पाहिलं, तर पाइप जागच्या जागी होते, पण डाव्या काठाकडचा भराव नाहीसा झाला होता. पाइपांच्या खालच्या तोंडाशी, जिथे एरवी घोटाभर पाणी असायचं, तिथे छातीएवढा डोह पडला होता. पाट्याएवढे काळवत्री दगड वीस पावलं खाली जाऊन पडले होते. 'यंदा पाऊसच तसा झाला,' असं सगळे म्हणाले. पाऊस नेहमीचाच होता. पाण्याला ठेवलेली वाट कमी पडली होती.

हिशेब करून बघू. या वहाळाला वरच्या डोंगराचं साधारण ४० हेक्टरांचं पाणी मिळतं. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर पाणी होतं. तासाला १०० मिलिमीटरची सर आली आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून आलं, तर तासाला २४,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ घनमीटर. वहाळ ४ मीटर रुंद आणि पाणी १ मीटर खोल असेल, तर त्याचा वेग सेकंदाला १.७ मीटर होतो. दोन पाइपांची तोंडं मिळून क्षेत्रफळ जेमतेम १.२७ चौरस मीटर. तेवढंच पाणी त्यातून जायचं तर वेग ५.२ मीटर हवा, म्हणजे तिप्पट.

तिप्पट हा आकडा किरकोळ वाटतो, पण खरी गंमत पुढे आहे. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो दगडाच्या समोर आलेल्या पृष्ठावर लागतो. हे पृष्ठ दगडाच्या व्यासाच्या वर्गाने वाढतं. दगडाला जागेवर धरून ठेवणारं वजन मात्र व्यासाच्या घनाने वाढतं. दोन्हींची बरोबरी मांडली, की हलू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या दगडाचा व्यास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. वजन व्यासाच्या घनात, म्हणून वजन वेगाच्या सहाव्या घातात! वेग दुप्पट झाला तर पाणी ६४ पट वजनाचा दगड हलवेल, तिप्पट झाला तर ७२९ पट. प्रत्यक्षात दगडाचा आकार, तळाचा उतार, आजूबाजूचे दगड यांनी आकडा इकडेतिकडे होतो. तरी पाटे वीस पावलं का गेले, हे यातून कळतं. शिवाय पाइपात एवढा वेग यायचा तर पाणी वरच्या अंगाला दीडएक मीटर तरी तुंबावं लागतं. तुंबलेलं पाणी मऊ काठ शोधतं. आमचा डावा काठ असाच गेला.

म्हणून मध्ये खांब घ्यायचा मोहही टाळावा. समुद्रात घोटाभर पाण्यात उभे राहा. लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते, तसंच खांबाचं होतं. पाणी खांबावर आदळून खाली वळतं, तळाशी भोवरा होऊन दोन्ही बाजूंनी वाळू उपसत जातं. खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पूर ओसरताना त्यात सैल गाळ पुन्हा भरतो, आणि दिवाळीला बघायला गेलेल्या माणसाला सगळं ठीक दिसतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात असाच पायाखालून पोखरला जाऊन कोसळला. १० माणसं गेली.

पुलाच्या पायात नरबळी लागतो, ही अफवा अजून उठते आणि कुठे तरी एखाद्या निरपराध फिरस्त्याला पोरं पळवणारा म्हणून मार बसतो. हे संतापजनक आहे. पायाला लागतो तो कातळ. तो मिळेपर्यंत खोदायचं.

भावाने दुसऱ्या वेळी तेच केलं. मधे काही न ठेवता एका काठापासून दुसऱ्यापर्यंत ७ मीटरचा एकच गाळा घेतला. दोन्ही काठांचे पाये कातळात, बाजूंना दगडी पिचिंग, म्हणजे काठ धुपू नये म्हणून रचलेले दगड. झाडांच्या फांद्यांत अडकलेला पुराचा कचरा पाहून पातळी ठरवली आणि तुळयांचा तळ त्याच्या हातभर वर ठेवला, कारण पुरात ओंडकेही येतात. तुळयांचं गणित इंजिनिअरकडून करून घेतलं. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनाखाली तुळई आठपट वाकते. उंची दुप्पट केली की ती आठपट ताठ होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून लोखंडी गर्डर उभा ठेवतात. आणि भार पिकअपचा धरला नाही, चिऱ्याने भरलेल्या डंपरचा धरला. पूल झाला की कधी तरी तोही येणारच.

जमीन खासगी असली तरी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र सर्वसाधारणपणे शासनाचं असतं. तेव्हा काम काढण्याआधी तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे जाणं आलंच.

दोन्ही पायांवर आता लाल रंगाची एकेक पट्टी आहे, वहाळाच्या तळाच्या पातळीला मारलेली. पाऊस चालू असतानाच भाऊ एका खुणा केलेल्या बांबूने पट्टीपासून तळ किती खाली गेलाय ते मोजतो. काठावर उभं राहून, कमरेला दोर बांधून. गेल्या ऑगस्टमध्ये चार बोटं गेला होता.