तेंगानन पगरिंगसिंगन

तेंगानन पगरिंगसिंगन : इंडोनेशियातील बाली बेटाच्या पूर्व भागातील एक तटबंद खेडे. करांगासम जिल्ह्याच्या मांग्गिस तालुक्यात, चांदीदासा या किनाऱ्यावरील गावापासून सुमारे ३ ते ४ किमी. आत, तीन बाजूंनी टेकड्यांनी वेढलेल्या व दक्षिणेकडे उघड्या असलेल्या खोऱ्यात ते वसले आहे. जावातील माजापाहित साम्राज्याच्या आधीची परंपरा सांगणाऱ्या बालीवासीयांना ‘बाली आगा’ म्हणतात. त्यांच्या मोजक्या गावांत तेंगाननची गणना होते. ‘गरिंगसिंग’ हे दुहेरी इकत पद्धतीचे (उभे व आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवलेले) सुती कापड, इंद्रपूजेला असलेले प्रमुख स्थान आणि सामूहिक जमीनधारणेचे लेखी नियम यांमुळे मानवशास्त्रज्ञ व वस्त्र-अभ्यासक यांनी या गावाकडे विशेष लक्ष दिले. दक्षिण बालीत उतरणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांना मात्र ते आजही फारसे परिचित नाही.

वस्तीची रचना : गावात ‘आवांगान’ नावाचे तीन समांतर रुंद रस्ते दक्षिणोत्तर गेले आहेत. उत्तरेकडे, म्हणजे डोंगराच्या दिशेने, ते दगडी टप्प्याटप्प्यांनी चढत जातात. दुतर्फा एकाच ठेवणीची घरे असून प्रत्येक घराच्या आवारात विधींसाठीची ओसरी, निजण्याची व कोठाराची दालने, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या जागा ठरलेल्या आहेत. दक्षिणेच्या मुख्य वेशीजवळ ‘बाले आगुंग’ हा लांबलचक सभामंडप आहे. गावसभा तेथेच भरते. पश्चिम, मध्य आणि पूर्व अशा तीन वाड्यांपैकी पूर्वेच्या ‘बांजार पांडे’ वाडीत परंपरेने गावनियम मोडल्यामुळे मूळ वस्तीतून बाहेर काढलेले लोक व बाहेरून आलेली कुटुंबे राहत आली आहेत.

उत्पत्ती : गावात सांगितली जाणारी कथा अशी. बालीतील बेडाहुलू या जुन्या राज्याच्या राजाचा ‘ओंचेस्वर’ नावाचा घोडा यज्ञापूर्वी नाहीसा झाला. शोधासाठी पाठवलेल्या पानेगेस येथील लोकांना तो या खोऱ्यात मेलेला सापडला. घोड्याच्या कलेवराचा वास जेथवर येईल तेथवरची जमीन त्यांना द्यावी, असे राजाने ठरवले. शोधपथकाच्या प्रमुखाने घोड्याच्या मांसाचा तुकडा अंगावरच्या वस्त्रात दडवून ठेवला. मोजणीसाठी आलेला राजाचा अधिकारी त्याच्यासोबत कितीही चालला तरी वास सुटेना, आणि गावाला विस्तीर्ण जमीन मिळाली. आसपासच्या टेकड्यांवरील काही मोठ्या दगडांना त्या घोड्याचे अवयव मानून पूजले जाते. घोड्याचे नाव इंद्राच्या उच्चैःश्रव्यावरून आले आहे, हे उघड आहे.

या कथेवरून गावाचा काळ ठरवण्याचे प्रयत्न झाले आहेत. माजापाहितने बालीवर स्वारी केली ती सर्वसाधारणपणे १३४३ मध्ये, आणि तिच्यात बेडाहुलूची सत्ता संपली. त्यामुळे गावाची स्थापना त्याआधीची, बहुधा अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यानची, असे काही जण मानतात. परंतु बेडाहुलूचा राजा हा बालीच्या लोककथांत ‘जुन्या काळाचा राजा’ म्हणून सर्रास येतो. त्यामुळे केवळ त्याच्या उल्लेखावर कालनिर्णय करणे सुरक्षित नाही. दगडांची पूजा, मृतांचे दहन न करता दफन करण्याची चाल आणि पुरोहित ब्राह्मणांवाचून चालणारे विधी यांवरून काहींनी हे गाव हिंदुपूर्व, महापाषाणीय संस्कृतीचा अवशेष ठरवले. याउलट इंद्राचे प्राधान्य हे प्राचीन हिंदू संप्रदायाचे चिन्ह असल्याचे दुसऱ्या गटाचे म्हणणे आहे. पूर्व भारताच्या किनाऱ्याशी गावाचे नाते जोडण्याचाही विचार मांडला गेला आहे. त्याला भक्कम आधार मिळालेला नाही. हिंदुपूर्व व हिंदू हे दोन्ही थर एकमेकांत मिसळून आजची व्यवस्था घडली, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

डच अधिकारी व अभ्यासक व्ही. ई. कोर्न यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेंगाननला ‘ग्रामप्रजासत्ताक’ म्हटले. ही संज्ञा पुढे फार रूढ झाली. तिच्यामुळे गाव जगापासून तुटलेले होते असा समज पसरला, तो मात्र खरा नाही. करांगासमच्या राजघराण्याशी गावाचे संबंध होते. कापसाचे सूत आणि निळीचे रंगकाम यांसाठी ते शेजाऱ्यांवर अवलंबून होते व त्याचे कापड साऱ्या बालीत जात होते.

गावनियम व जमीन : गावाची लेखी नियमावली ‘आविग-आविग’ या नावाने ओळखली जाते. जुनी प्रत १८४१ मधील आगीत जळाल्यावर १८४२ मध्ये करांगासम व क्लुंगकुंग येथील राजांच्या संमतीने ती पुन्हा लिहून काढण्यात आली, असे परंपरा सांगते. गावाच्या ताब्यात सुमारे ९०० हेक्टर जमीन असून ती बाहेरच्या माणसाला विकता किंवा गहाण टाकता येत नाही. फणस, जंगली अक्रोड, पांगी, दुरियन अशी नेमून दिलेली झाडे, ती स्वतःच्या वाट्याच्या जमिनीत असली तरी, परवानगीवाचून तोडता येत नाहीत. दुरियन व इतर काही फळे झाडावरून काढायची नाहीत; ती पिकून आपोआप गळाली की मगच गोळा करायची, असा दंडक आहे. टेकड्यांवरचे दाट झाडोरे टिकून राहिले ते याच नियमांमुळे. भातखाचरे मुख्यतः टेकड्यांपलीकडे आहेत आणि ती शेजारच्या गावांतील कुळे वाट्याने कसतात. उत्पन्नाचा मोठा भाग विधींवर खर्च होतो.

‘क्रामा देसा’ या गावसभेत व्यक्तीला नव्हे, तर विवाहित जोडप्याला स्थान असते. पती व पत्नी दोघेही गावातलेच असले पाहिजेत. ज्येष्ठता वयावर नव्हे, तर लग्नाच्या क्रमावर ठरते आणि मुलाचे लग्न होऊन तो सभेत आला की आईवडील निवृत्त होतात. गावाबाहेर लग्न करणाऱ्यांवरचे निर्बंध अलीकडच्या काळात थोडे सैल झाले आहेत.

गरिंगसिंग : इकत म्हणजे विणण्याआधीच सूत जागोजागी बांधून रंगवणे. साध्या इकतात केवळ ताणा (उभे धागे) किंवा केवळ बाणा (आडवे धागे) असा बांधला जातो. दुहेरी इकतात दोन्ही. मग विणताना ताण्यावरचा व बाण्यावरचा रंगीत तुकडा नेमका एकमेकांवर यावा लागतो. जगात हे कसब फार थोड्या ठिकाणी रुजले : गुजरातेतील पाटण, जपानमधील काही केंद्रे आणि तेंगानन. आंध्र-तेलंगण पट्ट्यातही त्याचे काम होते. इंडोनेशियात इकत सर्वत्र आढळतो, परंतु दुहेरी इकताचे परंपरागत केंद्र म्हणून तेंगाननचेच नाव घेतले जाते.

रंगाची प्रक्रिया दीर्घ आहे. हाताने कातलेले सूत, ज्याचा कापूस बहुधा नुसा पनिदा बेटावरून येतो, प्रथम जंगली अक्रोडाचे तेल आणि राखेचे पाणी यांत कित्येक आठवडे मुरवतात. त्याने धाग्याला पिवळसर छटा येते. पण मुख्य हेतू निराळा : कापसाचा तंतू तांबडा रंग सहजी धरत नाही, तेल व राख यांनी तो त्यासाठी तयार होतो. ‘तुर्की लाल’ रंगाच्या जुन्या कृतीतही तेलाचा असाच उपयोग होता. त्यानंतर सूत बांधून निळीत बुडवतात. निळीचे काम तेंगाननमध्ये निषिद्ध असल्याने ते जवळच्या बुगबुग गावात करून घेतले जाते. परत आल्यावर काही गाठी सोडून सूत आल (बारतोंडी) या झाडाच्या मुळांच्या सालीपासून काढलेल्या रंगात पुनःपुन्हा बुडवले जाते. ही आल आपल्याकडेही परिचित आहे. कृत्रिम रंग येण्यापूर्वी मध्य भारतात तिची लागवड रंगासाठीच होत असे. निळीवर तांबडा चढला की काळसर तपकिरी छटा मिळते, म्हणून तयार कापडात निळा रंग सहसा दिसत नाही. तांबडा, काळपट आणि पिवळसर पांढरा हे तीनच दिसतात. तांबडा गडद हवा असेल तर बुडवण्यांच्या मध्ये सूत महिनोन्‌महिने ठेवून देतात. एक चांगले कापड पूर्ण व्हायला दोन वर्षे आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो.

विणकाम स्त्रिया करतात. माग उभा केलेला नसतो. त्याचे एक टोक विणकरणीच्या कमरेला पट्ट्याने बांधलेले असते आणि ताणा अखंड वर्तुळाकार असतो. वीण सैल ठेवतात, कारण काही ओळी झाल्या की धागे हाताने सरकवून नक्षी जुळवावी लागते. मागावरून उतरलेल्या कापडात न विणलेला ताण्याचा थोडा भाग शिल्लक राहतो. तो न कापलेले वर्तुळ विधींसाठी सर्वांत पवित्र मानले जाते. गरिंगसिंग अंगावर असले की रोग व अरिष्ट दूर राहते, ही श्रद्धा गावापुरती नाही; बालीत इतरत्रही दात कानशीने घासून सपाट करण्याच्या संस्कारात व अन्य विधींत ते वापरतात.

या कसबाच्या उगमाबद्दल दीर्घ वाद आहे. गुजरातचे पटोळे, म्हणजे तेथील दुहेरी इकताचे वस्त्र, इंडोनेशियात अनेक शतके विकले जात होते. डच ईस्ट इंडिया कंपनीने तर ते स्थानिक सत्ताधीशांना भेटीदाखल दिले आणि अनेक बेटांवर ते वंशपरंपरागत ठेव म्हणून जपले गेले. गरिंगसिंगच्या काही नक्षींतील फुलांची चौकटबद्ध मांडणी पटोळ्याची आठवण करून देते. म्हणून हे तंत्रही गुजरातेतून आले असावे, असे जुने अभ्यासक म्हणत. पण पटोळे रेशमी असते, गरिंगसिंग सुती. मागाची घडण वेगळी, ताणा लावण्याची रीत वेगळी, रंगाची कृतीही वेगळी. तयार कापड हाती आल्याने त्याची नक्षी उचलता येते. ते बांधायचे व रंगवायचे कसे, हे त्यातून सहजी कळत नाही. शिवाय ‘वायांग’ (छायाबाहुली) प्रकारच्या कापडांतील ताऱ्याभोवती बसलेल्या मानवाकृती पूर्व जावातील तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या मंदिरशिल्पांशी जवळीक दाखवतात, पटोळ्याशी नव्हे. प्रपंच या कवीने १३६५ मध्ये रचलेल्या ‘नागरकृतागम’ या जुन्या जावी काव्यात राजाच्या रथांच्या वर्णनात ‘ग्रिंगसिंग’ वस्त्राचा उल्लेख येतो. तथापि जावात हाच शब्द खवल्यांसारख्या एका बाटिक (मेण लावून रंगवलेल्या) नक्षीलाही लावतात, त्यामुळे काव्यातला उल्लेख दुहेरी इकताचाच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. स्थानिक इकत परंपरेतून हे कसब स्वतंत्रपणे विकसित झाले आणि पटोळ्याचा प्रभाव नंतर, काही नक्षींपुरता पडला, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून आहे.

मराठी वाचकासाठी या वादात एक नोंद महत्त्वाची आहे. पाटणचे साळवी विणकर बाराव्या शतकात, राजा कुमारपाल सोळंकी याच्या काळात, दख्खनमधील जालन्याहून तेथे नेण्यात आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ७०० कुटुंबांचा आकडाही दिला जातो. समकालीन पुराव्याने ती सिद्ध झालेली नाही. पण ती खरी असल्यास दुहेरी इकताच्या भारतीय शाखेचा माग मराठवाड्यापर्यंत मागे नेता येईल. बालीशी मात्र तिचा थेट संबंध जोडता येत नाही.

विधी व उत्सव : गावाची कालगणना बालीतील इतर दोन्ही पंचांगांहून वेगळी आहे. तिच्या पाचव्या महिन्यात ‘उसाबा सांबाह’ हा मुख्य उत्सव होतो. तो बहुधा मे-जूनच्या सुमारास येतो. त्यात ‘मकारे-कारे’ म्हणजे काटेरी केवड्यासारख्या पानांच्या जुड्यांनी पुरुषांची द्वंद्वे होतात. एका हातात जुडी, दुसऱ्यात वेताची ढाल. रक्त निघणे अपेक्षितच असते आणि ते इंद्राला अर्पण मानले जाते. जखमांना हळद घातलेला लेप लावतात. याच दिवसांत अविवाहित मुली गरिंगसिंग नेसून मोठ्या लाकडी फिरत्या पाळण्यांत बसतात व ‘रेजांग’ नृत्य करतात. साथीला ‘सलोंदिंग’ हा लोखंडी पट्ट्यांचा वाद्यसंच असतो. त्यातील जुने संच पवित्र असून परक्यांनी त्यांना स्पर्श करू नये, असा नियम आहे.

प्रवास व गुंतवणूक : बालीची राजधानी देनपासार येथून रस्त्याने सुमारे दोन तासांत गावाला पोहोचता येते. राहण्याची सोय चांदीदासात आहे. गाव दिवसा पाहुण्यांसाठी उघडे असते व वेशीवर देणगी घेतली जाते. उत्सवाच्या तारखा गाव आपल्या पंचांगाने ठरवते, त्यामुळे त्या आधी विचारून घेणे आवश्यक आहे. गरिंगसिंगसोबत ताडपत्रांवर कोरलेली चित्रे व ‘आता’ वेलीच्या टोपल्याही घरोघरी विकल्या जातात. यंत्राने छापलेली किंवा एकेरी इकताची अनुकरणे बाजारात पुष्कळ आहेत. खरे कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते व त्याच्या आकृतींच्या कडा किंचित पुसट असतात, पण छपाई ओळखायला उपयोगी पडणाऱ्या या खुणा एकेरी इकताला वेगळे काढायला पुरत नाहीत. त्यासाठी उभे व आडवे दोन्ही धागे तपासून पाहावे लागतात.

गुंतवणूकदाराला येथे जमीन मिळण्याचा प्रश्नच येत नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने परकीयांना पूर्ण मालकी हक्क नाकारला आहे आणि तेंगाननचा गावनियम तर इंडोनेशियन नागरिकालाही, तो बाहेरचा असल्यास, आडवा येतो. पैसा लावायचा तो कापडात, आणि तोही आगाऊ मागणी नोंदवून. कारण घाईने रंगवलेले सूत म्हणजे निकृष्ट गरिंगसिंग. करांगासमच्या गरिंगसिंगला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. निर्बंध नसले तर काय होते, हे पाहायला दूर जावे लागत नाही : चांदीदासात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉटेले उभी राहिली, चुन्यासाठी किनाऱ्यापुढचे प्रवाळ काढले गेले, आणि लाटांना अडवणारे काही न उरल्याने पुळणीचा मोठा भाग वाहून गेला. आज तेथे काँक्रीटचे बंधारे आहेत.

नदीपलीकडील ‘तेंगानन दाउह तुकाद’ हे याच परंपरेचे लहान गाव असून तेथेही काटेरी पानांची द्वंद्वे होतात.